सुंठीचं पथ्य आणि दोन महिन्यांचा श्रावण

सुंठीच्या मानेवरची पहिली खपली माझ्या बोटांना सापडली. २०२३ चा जानेवारी, नाशिकची थंडी. रात्रपाळी करून सातपूरहून घरी आलो की ती पांघरुणात शिरायची आणि मी तिची मान खाजवत पडायचो. एका सकाळी केसांखाली बारीक बारीक काहीतरी टोचलं. मोहरीचे दाणे चिकटल्यासारखं. ओढून बघितलं तर दाणा केसांसकट हातात आला आणि खाली ओलसर लाल ठिपका दिसला.

सुंठी म्हणजे आमची मांजरी. हिरावाडीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली सापडलेली, या गोष्टीच्या वेळी चार वर्षांची. रंग अगदी सुंठीसारखा, म्हणून आईने हे नाव ठेवलं. नसबंदी झालेली, कायम घरात, गॅलरीला जाळी. त्यामुळे हिला बाहेरून काही लागेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

पंधरा दिवसांत कानाच्या पुढचे आणि डोळ्यांच्या वरचे केस गेले. पोट तर चाटून चाटून सोललेल्या कोंबडीसारखं गुळगुळीत झालं. रात्री सगळं शांत झालं की मागच्या पायाने मान खाजवायची आणि तो पाय फरशीवर आपटायचा. ठक ठक ठक ठक. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंही, रात्री काय ठोकता हो?

सल्ले फुकट असतात. आईचं म्हणणं, "उष्णता झालीय तिला. कोंबडी बंद कर आणि ताक पाज." शेजारच्यांनी खोबरेल तेलात कापूर घालून लावायला सांगितलं. ते लावलं नाही हे नशीबच, कारण मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटून पोटात घेतं आणि कापूर मांजराला विषारी असतो, हे मला पुढे कळलं. औषधाच्या दुकानातल्या एका मुलाने कुत्र्याच्या पिसवांचं औषध पुढे केलं, "मांजरालाही चालतं" म्हणून. कुत्र्यांच्या अशा काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. त्याने मांजराला झटके येतात, जीवही जातो. हे दोन सल्ले ऐकले असते तर पुढची गोष्टच उरली नसती.

पहिल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दोन दिवसांत खाज गायब. मी खूश. तिसऱ्या आठवड्यात खाज परत. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा जादू, पुन्हा तेच. एप्रिलपर्यंत असं तीनदा झालं. सगळा दोष त्यांना देणार नाही. तिसऱ्या वेळी तर मीच दारातून म्हणालो होतो, "तेच द्या ना, लागू पडतं तिला." तेच म्हणजे स्टेरॉईड, काही आठवडे अंगात राहणारं. खाजेचा आवाज बंद होतो, कारण जिथल्या तिथे राहतं.

मे महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. रामवाडीच्या पुलावर वाहतूक अडकली होती आणि बास्केटमध्ये सुंठी असा गळा काढत होती की शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून बघितलं. मॅडमनी पाऊण तास घेतला, त्यातली पंचवीस मिनिटं नुसते प्रश्न. खाज वर्षभर की ठरावीक ऋतूत? आधी खाज की आधी पुरळ? उलट्या होतात का? घरात आणखी कुणाला खाजतंय का? तीन इंजेक्शनांचं ऐकून त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "हे असंच चालू ठेवलं तर मांजराला मधुमेह होऊ शकतो."

मग त्यांनी बारीक दातांची फणी काढली. शेपटीच्या मुळाशी फिरवून निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कापसावर टाकली. थोड्या वेळाने त्या काळ्या कणांभोवती तांबूस कडं पसरलं. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मी म्हटलं, मॅडम, आमच्या घरात एक पिसू मी बघितली नाही. त्या हसल्या. मांजर दिवसभर अंग चाटतं, सापडलेली पिसू गिळून टाकतं. आणि पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असेल तर दोन-चार चावे पुरतात. कुणी बाहेरच्या मांजरांना हात लावून, चपला घालून घरात येत असेल तर तेवढं बास. आमची मुलगी दोन्ही करते.

त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, गजकर्ण नाही ना यासाठी केस तपासायला पाठवले. त्यातून काही निघालं नाही. मग दोन महिने फक्त पिसवांवर काम. महिन्यातून एकदा मानेवर टाकायचं मांजराचंच औषध, गोधड्या आणि सोफ्याची कव्हरं गरम पाण्यात, फरशीच्या फटींतून व्हॅक्यूम. पिसवेची अंडी मांजराच्या अंगावरून गळून घरभर पडलेली असतात, म्हणून नुसतं मांजरावर औषध टाकून भागत नाही. जुलै उजाडेपर्यंत खाज निम्म्यावर आली. आणि तिथेच अडली.

मी एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. दोष निम्मा झाला की आम्ही समजतो, कारणं दोन होती आणि त्यातलं एक सापडलं. मॅडमचंही तेच मत पडलं. उरलेली खाज बहुधा अन्नाची.

मी मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. मांजराचे केस पाठवा, कशाकशाची ॲलर्जी आहे ते कळवतो. त्यांनी बघायचेही कष्ट घेतले नाहीत. केस, लाळ किंवा रक्त तपासून अन्नाची ॲलर्जी भरवशाने सांगणारी चाचणी नाही म्हणाल्या. एकच रस्ता. जे आजवर कधी खाल्लेलं नाही असं एकच अन्न आठ आठवडे द्यायचं आणि बाकी सगळं बंद. बरं वाटलं तर जुनं एकेक परत देऊन बघायचं. आठ आठवडे का, तर पोट पंधरा दिवसांत निवळतं पण कातडी सावकाश सुधारते. बहुतेक मांजरांचं उत्तर तेवढ्या काळात मिळतं. "आणि एक कणही इकडचा तिकडे नको," त्या म्हणाल्या. "एक बिस्कीट दिलंत तर घड्याळ पुन्हा शून्यावर."

त्यासाठी आधी तिने आजवर काय काय खाल्लंय त्याची यादी हवी होती. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. तीन दिवस लागले आणि घरातल्या प्रत्येकाची उलटतपासणी. उकडलेली कोंबडी, दोन प्रकारचं ड्राय फूड, पाऊच, एवढं मला माहीत होतं. साय आणि दूध-चपाती हे आईने कबूल केलं. मारी बिस्किटाचा चुरा, मुलगी. पनीर, बायको. शेवटी आई हळूच म्हणाली, "सुकट निवडताना एखाददुसरी टाकते रे मी. किती आशेने बघते!"

या यादीत पाकिटं वाचायची वेळ आली तेव्हा माझा सगळ्यात मोठा भ्रम फुटला. मार्चमध्ये आईच्या उष्णतेच्या सिद्धांताला मान देऊन मी चिकनचं ड्राय फूड बंद करून माशाचं आणलं होतं. महिनाभर काही फरक नाही, म्हणून खाण्याचा संबंध नाही असं ठरवून मोकळा झालो होतो. आता भिंग घेऊन माशाच्या पाकिटाची मागची बाजू वाचली. पुढे उडी मारणारा चकचकीत मासा. मागे पहिलाच घटक पोल्ट्री मील, पुढे चिकन फॅट, मासा कुठेतरी पाचवा-सहावा. म्हणजे मी कोंबडी बंद करून कोंबडीच आणली होती, वर दोनशे रुपये जास्त देऊन. मांजरांत अन्नाची ॲलर्जी बहुतेक वेळा गोमांस, मासे आणि कोंबडी यांची दिसते, असं मॅडम म्हणाल्या होत्या. त्यातल्या दोन गोष्टी आमच्या घरात एकाच पाकिटात येत होत्या.

मॅडमची पहिली पसंती हायड्रोलाइज्ड प्रोटीनच्या खाण्याला होती. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांना ओळखत नाही. किंमत ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात स्कूटरचं महिन्याचं पेट्रोल होतं. तरी मागवलं. जुन्यात थोडं थोडं मिसळून सुरुवात केली. सुंठीने जुने दाणे वेचून खाल्ले आणि नवे बशीच्या कडेला रचून ठेवले. प्रमाण वाढवलं तसं तिने बशीशेजारची फरशी पंजाने उकरायला सुरुवात केली, घाण पुरल्यासारखी. शेवटी चोवीस तास काही खाल्लं नाही. "भूक लागली की झक मारत खाईल," असं मी म्हटलं आणि सवयीने मॅडमना फोन केला. त्या जवळजवळ ओरडल्याच. कुत्र्याच्या बाबतीत चालेल, मांजराच्या नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, विशेषतः अंगाने भरलेलं असेल तर, अंगातली चरबी यकृतात साचते आणि जिवावर बेततं. तेव्हा हट्ट सोडा आणि यादीत नसलेलं दुसरं मांस शोधा.

यादीत नसलेलं मांस म्हणजे बोकडाचं मटण. आमच्याकडे ते वर्षातून तीन-चारदा होतं आणि त्यात कांदा-लसूण असल्यामुळे सुंठीला कधी दिलं नव्हतं. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कांद्याच्या जिल्ह्यात राहून ही एक गोष्ट मी पहिल्यापासून पाळली होती आणि तीच आता उपयोगी पडली.

आता मुहूर्त बघा. जुनं खाणं पूर्ण बंद करायचा दिवस आला तो मंगळवार, १८ जुलै. आदल्या दिवशी दीप अमावस्या, आणि १८ पासून श्रावण. तोही साधा नाही. २०२३ ला अधिक श्रावण आला होता, एकोणीस वर्षांनी. म्हणजे श्रावण एक नाही, दोन महिने, १५ सप्टेंबरपर्यंत. अधिक महिन्यात पाळायचं की फक्त निज श्रावणात, यावर घरोघरी वाद चालले होते. आमच्याकडे वाद नव्हता. आई दोन्ही पाळणार होती. आठ आठवड्यांचं मटण आणि दोन महिन्यांचा श्रावण, जवळजवळ तंतोतंत एकावर एक.

मी आईला एलिमिनेशन डाएट, म्हणजे हा एकाच अन्नाचा प्रयोग, समजावून सांगायचा प्रयत्न केला. प्रथिनं, ॲलर्जी, संरक्षण यंत्रणा. तिचा चेहरा कोरा. मग बायको सहज म्हणाली, "आई, पथ्य आहे हो सुंठीचं. दोन महिन्यांचं कडक पथ्य." झालं. आईने माझे वडील गेले त्याआधी अकरा वर्षं त्यांचं मधुमेहाचं पथ्य सांभाळलं होतं. पथ्य म्हणजे काय आणि ते कोण कसं मोडतं, हे तिच्याइतकं घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तिने अटी घातल्या. स्वयंपाकघरात शिजणार नाही. माझी भांडी वापरायची नाहीत. सोमवारी मी उठायच्या आत उरकायचं.

तेव्हा गॅलरीत एक इंडक्शन, एक छोटा कुकर, एक पातेलं, अशी सुंठीची वेगळी चूल मांडली. दर रविवारी खाटकाकडून सव्वा किलो खिमा आणायचो. चरबी कमी, आणि खिमा करायच्या आधी त्याला यंत्र धुवायला लावायचं, कारण त्याच यंत्रातून चिकनचा खिमाही निघतो. पहिल्यांदा तो माझ्याकडे बघतच राहिला. मटण तेव्हा किलोला सातशेच्या घरात होतं. "साहेब, श्रावणात कुणासाठी?" मांजरासाठी म्हटल्यावर त्याने रांगेतल्या दोघांना हाक मारून दाखवलं मला.

खिमा नुसत्या पाण्यात शिजवायचा. मीठ नाही, हळद नाही, तेल नाही. पण नुसतं मांस हे मांजराचं पूर्ण अन्न नव्हे. मांसात कॅल्शियम अगदी कमी असतं. आणि टॉरिन नावाचा एक घटक मांजराला बाहेरूनच लागतो. तो कमी पडला तर हृदय फुगतं, दृष्टी जाते. टॉरिन पाण्यात विरघळतं, म्हणून शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, तेच खिम्यावर घालून द्यायचं. वर मॅडमनी लिहून दिलेली टॉरिन आणि कॅल्शियमची पूड, मोजून. धडधाकट मोठ्या मांजराला दोन महिने हे चालतं, पिल्लाला असं कधी करू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं. दर रविवारी सुंठीला उचलून वजनकाट्यावर उभा राहायचो आणि माझं वजन वजा करायचो. ३.८ किलोवरून ३.६ वर आली आणि तिथे थांबली.

सुंठी खिम्यावर तुटून पडली, हे सांगायला नको.

पथ्य मांजर मोडत नाही, माणसं मोडतात. दुसऱ्याच आठवड्यात मी स्वतः पहिला गुन्हा केला. जंताच्या गोळीची तारीख होती, मी दिली, आणि तिने ती चॉकलेटसारखी चावून खाल्ली तेव्हा शंका आली. पाकिटावर लिहिलेलं होतं, चिकन फ्लेवर. पुढे धोंड्याच्या जेवणाला बहीण आणि मेहुणे आले. जावईबापूंनी खिरीची वाटी खाली ठेवली आणि सुंठीने ती पुसून घेतली. आई जावयाला चढ्या आवाजात बोलली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मुलीची एक मैत्रीण खिशात मांजराची बिस्किटं घेऊन यायची, ते चौथ्या आठवड्यात उघडकीला आलं. मग दारावर वहीचा कागद लागला, मुलीच्या अक्षरात: "सुंठी पथ्यावर आहे. कृपया काही देऊ नये." कुरिअरवालासुद्धा विचारायचा, कशी आहे आता?

नोंद ठेवायची पद्धत माझी, कारखान्यातली. रोज रात्री नऊ ते दहा, ती किती वेळा खाजवते ते मोजायचं. पाळीवर असलो की बायको किंवा मुलगी मोजणार. पहिल्या आठवड्याची सरासरी तासाला चौदा. तिसऱ्या आठवड्यात तेरा. माझा धीर सुटला होता. खाटकाला द्यायचे पैसे मोजताना मनात यायचं, एक इंजेक्शन आणि सगळं शांत. ऑगस्ट कोरडा चालला होता, पावसाचा पत्ता नाही, सगळेच चिडलेले. पाचव्या आठवड्यात सरासरी नऊवर आली. सहाव्यात चार. सातव्यात एका रात्री नोंद शून्य आली आणि मी मुलीला विचारलं, मोजलंस ना नीट? तिने रागाने वही आपटली. पोटावर हात फिरवला तर बारीक लव आलेली, मखमलीसारखी.

११ सप्टेंबरला आठ आठवडे भरले. इथे बहुतेक लोक थांबतात, आणि मलाही थांबायचं होतं. मांजर बरं झालंय, आता मुद्दाम आजारी कशाला पाडा? पण मॅडम ऐकेनात. परत देऊन खाज उठली नाही तर अन्नानेच बरं वाटलं हे सिद्ध होत नाही. पिसवा संपल्यामुळे असेल, हवेमुळे असेल. आणि आयुष्यभर नेमकं काय टाळायचं ते कळणारच नाही. कारखान्यात मी हेच इतरांना ऐकवतो, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

तरी लगेच जमलं नाही. श्रावण संपायला चार दिवस, मग १९ ला गणपती, मग गौरी. घरात गणपती असताना कोंबडी शिजवायचं नावही काढायची सोय नव्हती. गौरी-गणपती गेल्यावर रविवारी, २४ सप्टेंबरला, गॅलरीच्या चुलीवर कोंबडीचा छोटा तुकडा उकडला. खिमा तोच, त्यात चमचाभर कोंबडी. एका वेळी एकच बदल.

पहिले तीन दिवस काही नाही. मला तर वाटू लागलं, कोंबडी निर्दोष आहे. बुधवारी रात्री तिने उजवा कान झाडला, मग पाय वर घेतला. सहा वेळा. गुरुवारी, २८ ला, अनंत चतुर्दशीची मिरवणूक. ढोलांच्या आवाजाने ती पलंगाखाली गेली ती रात्री उशिरापर्यंत बाहेर आली नाही. वहीत त्या दिवशी लिहिलंय, "नोंद नाही, ढोल." शुक्रवारी अकरा वेळा, आणि मानेवर बोट फिरवलं तर दोन दाणे. मोहरीचे. शनिवारी कोंबडी बंद. खाज पूर्ण शमायला त्यानंतर बारा दिवस लागले.

आईला सांगितलं तेव्हा ती गव्हल्या करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी जानेवारीतच सांगितलं होतं, कोंबडी उष्ण." मी ॲलर्जी आणि उष्णता यांतला फरक सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण काही असो, आरोपी तिने पहिल्या दिवशी बरोबर धरला होता.

दसऱ्यानंतर मासा देऊन बघितला. उकडलेला रोहू, काटे काढून, दोन आठवडे. काहीही झालं नाही. दुधाने फक्त पोट बिघडलं. ती ॲलर्जी नव्हे, मोठ्या मांजरांना दूध पचतच नाही बऱ्याचदा. सुकट मी अजून तपासलेली नाही. आईची फार इच्छा आहे.

घरचं मटण कायमचं देणं ना खिशाला परवडणारं, ना तिच्या तब्येतीला पुरेसं, म्हणून शेवटी कोंबडी नसलेलं तयार खाणं शोधायला लागलो. ते मिळवणं हे त्या दोन महिन्यांपेक्षा अवघड निघालं. मेंढीचं म्हणून आणावं तर आत चिकन फॅट. सशाचं म्हणावं तर पोल्ट्री लिव्हर. अंडं वेगळं, ते दिलेलं चालतं की नाही हे वेगळं तपासावं लागतं. खऱ्या अर्थाने माशाचं, आणि ज्यावर संपूर्ण आहार असं लिहिलेलं आहे, असं एक ड्राय फूड आणि एक पाऊच सापडलं, ते आता ऑनलाइन मागवतो. पिसवांचं औषध चुकलं की पावसाळ्यात कान अजूनही खाजतो. पोटावरचे केस मात्र पूर्ण आले.

गेल्या महिन्यात पाऊचचं पार्सल अडकलं म्हणून आईला घेऊन दुकानात गेलो. दुकानदार नवीन माल दाखवत होता, ट्यूना लिहिलेला, झकास पाकीट. आईने पर्समधून वडिलांचं जुनं भिंग काढलं, पाकीट उलटं केलं, इंग्रजी अक्षरं एकेक जोडत बराच वेळ वाचलं आणि मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "पोल्ट्री म्हणजे कोंबडीच ना हो?"